सोडला की टाकला

कुंदाबाईंच्या वर्गात दगड टाकायची सोय नव्हती. दगड सोडायचा.

धुळ्याच्या एका मुलींच्या शाळेत त्या दहावीला पदार्थविज्ञान शिकवत. पुस्तकातलं उदाहरण मोठ्यानं वाचायला कुणाला तरी उभं करायची त्यांची पद्धत. ती बिचारी सुरू करायची, "विहिरीच्या काठावरून एक दगड टाकला..." की झालं! बाईंचा खडू फळ्यावरच थांबायचा.

"काय केला?"

"टाकला, बाई."

"टाकला की सोडला? नीट बघून सांग."

पुस्तकात बघावं तर 'सोडला' असंच छापलेलं असायचं. पण खानदेशातल्या पोरी त्या. केर टाका, कोंबड्यांना दाणे टाका, चुलीत काटक्या टाका, जन्मभर टाकाटाकीच ऐकलेली. डोळ्यांना 'सोडला' दिसलं तरी तोंडातून 'टाकला'च बाहेर पडायचं.

"हे बघा गं," बाई खडू हाताच्या मुठीत धरून वर करायच्या. "सोडला म्हणजे मूठ उघडली. एवढंच. हातानं काहीसुद्धा केलं नाही. मग सुरुवातीचा वेग किती? शून्य. यू बरोबर शून्य. पुढे जे काय झालं ते पृथ्वीच्या ओढीनं. आणि टाकला म्हणजे हातानं जोर लावला, मुद्दाम खाली ढकलला. मग यू शून्य नाही. मग विचारावं लागेल, किती जोरानं? उदाहरणात सांगितलंय? नाही ना? मग उगाच कुणाच्या हातावर आळ घेऊ नका."

आणि मूठ उघडायच्या. खडू खाली पडून त्याचे दोन तुकडे व्हायचे. वर्षाला किती खडू गेले त्याचा हिशेब हेडबाईंनी विचारला होता म्हणे एकदा.

उत्तरपत्रिकेत 'टाकला' लिहिलं की एक मार्क गेलाच. बाकीचं उदाहरण आरशासारखं स्वच्छ सोडवलेलं असो, मार्क गेला. पोरींनी त्यांचं नाव 'शून्यबाई' पाडलं होतं ते यावरूनच. बाईंना ते माहीत होतं. पोरींना वाटायचं माहीत नाही. शाळा म्हटली की असं चालायचंच.

बाहत्तरच्या दुष्काळाचं ते वर्ष. त्या वर्षी वर्गात भिकू नावाची एक मुलगी आली होती. शिंदखेड्याकडची, वसतिगृहात राहायची, हुशार आणि तोंडाची फटकळ. तिचा याच पायी चाचणीत मार्क गेला, तेव्हा ती उभी राहिली ती राहिलीच.

"बाई, सोडा काय नि टाका काय, दगड तं खालेच जास ना?"

वर्ग फुटला हसून. भिकू रागावली की तिची शाळेतली मराठी पळून जायची आणि घरची अहिराणी बाहेर यायची.

"जातो," बाई म्हणाल्या. "खालीच जातो. पण दोन्ही एक नव्हेत."

"फरक कितला पडस?"

बाई फळ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "बस खाली. पोर्शन मागे राहिलाय."

असं त्यांनी आजवर कुणाला केलं नव्हतं. विचारणारीला त्या कधी खाली बसवायच्या नाहीत.

आता या 'सोडला-टाकला'चं मूळ काय, ते सांगायला हवं. त्यासाठी जामनेर तालुक्यातल्या पहूरला जावं लागेल, आणि बरीच वर्षंही मागे जावं लागेल, बाई नुसत्या कुंदा होत्या त्या काळात.

कुंदा कौतिक आबांची एकुलती एक लेक. आबा शेतकरी, पण डोक्याचे मोकळे. पोरीला मॅट्रिक होऊ दिलं आणि मगच लग्नाचं बघितलं. स्थळ आलं दोंडाईच्याकडचं. मुलाचं नाव सुकदेव, जळगावच्या कॉलेजात बी.एस्सी. करत होता. गोरा नाही, उंच नाही, पण बोलायला लागला की समोरच्यानं हातातलं काम विसरावं. कुंदा तर त्याला बघूनच भान विसरली. पुढची सगळी वर्षं तिनं जे काही केलं ते या विसरण्याच्या पायीच केलं, असं म्हटलं तरी चालेल.

सासरचं गाव दोंडाईच्यापासून पायी तासाभरावर. सुट्टीत सुकदेव घरी यायचा, आणि संध्याकाळी शेतात जायच्या निमित्तानं दोघं विहिरीवर जायची. नव्या नवरा-बायकोला घरात बोलायची चोरी, तेव्हा विहीर बरी. तिथं त्यानं तिला पहिल्यांदा विचारलं, "ही विहीर किती खोल असेल, सांग बरं?"

"मामंजींना माहीत असेल," कुंदा म्हणाली.

"मामंजींना कशाला विचारायचं? दगडाला विचारू." त्यानं तिच्या तळहातावर एक खडा ठेवला आणि तिचा हात विहिरीवर धरला. "सोड. अंहं, टाकू नकोस. सोड. जोर लावलास तर सगळं गणित चुकेल. नुसती मूठ उघड."

आणि तो मोजायला लागला. पण एक-दोन-तीन असं मोजेल तर तो सुकदेव कसला! दोंडाईचा-जळगाव गाडीनं चार वर्षं ये-जा केलेली, सगळी स्टेशनं तोंडपाठ. स्टेशनाचं नाव सावकाश घेतलं की एक सेकंद होतो, असा त्याचा शोध.

"विख...रण. शिंदखे...डा."

डुबुक.

"दोन स्टेशनं!" तो म्हणाला. "म्हणजे दोन सेकंद. दोनाचा वर्ग चार. चार गुणिले बत्तीस, भागिले दोन. चौसष्ट फूट. झाली विहीर मोजून."

कुंदाला वाटलं, हा जादूगार आहे. दोर नाही, उतरणं नाही, नुसत्या कानानं विहीर मोजली! मग तिला नादच लागला. आंब्याच्या फांदीवरून चिंचोका सोड, माळ्यावरून वाटाणा सोड, सासूनं हटकलं तरी सोड. वर फेकलेल्या चेंडूची गंमतही त्यानंच दाखवली. "सगळ्यात वर गेला की क्षणभर थांबतो बघ. तिथे वेग शून्य. पण ओढ? ओढ शून्य नाही. ओढ असतेच. म्हणून तर परत येतो." हे बोलताना तो चेंडूकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. कुंदाचे कान तापले.

लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला तो तिला माहेरी सोडायला आला. भांडण नाही, तंटा नाही, आदल्या दिवशी सासूनं स्वतः तिची वेणी घातलेली. एक रात्र राहिला, आबांबरोबर भरीत-भाकरी जेवला, सकाळी पहूरच्या मोटारस्टँडवर कुंदा आणि आबा त्याला पोचवायला गेले. आबा पानाच्या टपरीकडे वळले तेवढ्यात तो म्हणाला, "परीक्षा झाली की न्यायला येतो."

"किती दिवस?"

"मोजत राहा. विखरण, शिंदखेडा..." आणि हसत गाडीत चढला.

कुंदा मोजत राहिली. परीक्षा झाली. निकाल लागला. न्यायला कुणी आलं नाही. आबा दोनदा दोंडाईच्याला जाऊन आले. पहिल्या खेपेला व्याही म्हणाले, नोकरी शोधायला सुरतेला गेलाय. दुसऱ्या खेपेला म्हणाले, आमचंच पोरगं आमच्या हाताला लागत नाही, तुम्हाला काय सांगू? दुसऱ्या खेपेहून आल्यावर आबा आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत.

गावाला मात्र बोलायला काय लागतं! नदीवर धुणं धुताना बायका चुकचुकायला लागल्या. "टाकली वं माय पोरीले नवऱ्यानं." टाकलेली बाई! त्या शब्दाचा वास आयुष्यभर जात नाही. शिळ्या अन्नाला टाकतात, फुटक्या गाडग्याला टाकतात. कुंदा पिळत असलेलं लुगडं तसंच दगडावर आपटून उभी राहिली.

"टाकलं नाही!" ती ओरडली. "सोडलंय. माहेरी सोडलंय मला. सोडणं वेगळं आणि टाकणं वेगळं."

एकीनं दुसरीकडे पाहिलं. कुणी काही उलट बोललं असतं तर बरं झालं असतं, पण बायका पुन्हा धुणं आपटायला लागल्या.

तेव्हापासून हा एक शब्द कुंदानं उराशी धरला. नवरा येत नाही, ठीक. पण त्यानं ढकललेलं नाही. हात उघडलाय फक्त. उघडलेला हात परत मिटेलही. ज्यानं मुद्दाम टाकलं त्याची वाट बघणं हा वेडेपणा, आणि ज्यानं नुसतं सोडलं त्याची वाट बघणं म्हणजे संसारच, थोडा लांबलेला. असं तिचं गणित. हसू नका. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

आणि तो आला तर आपण त्याच्या बरोबरीचं असावं, म्हणून ती जळगावला मावशीकडे राहून कॉलेजात गेली. त्याच बाकांवर बसली जिथं तो बसला असेल. बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली, धुळ्याला नोकरी लागली. मधल्या काळात फुटांची पुस्तकं जाऊन मीटरची आली. त्याचा जी बत्तीस होता, तिचा नऊ पूर्णांक आठ झाला. ओढ तीच, आकडे बदलले, असं ती मनाशी म्हणायची आणि तिला आपलं हसू यायचं.

धुळ्यात चार नंबरच्या गल्लीत सायरबाईंच्या घरी वरची खोली तिनं भाड्यानं घेतली. सायरबाई मारवाडी, नवऱ्यामागं किराणा दुकान एकटीनं चालवलेली बाई. देवाला भिणारी आणि माणसाला न भिणारी. कुंदाबाईंना त्या 'मास्तरणी' म्हणत.

"मास्तरणी, तुझा तो कुंकू लावायचा आरसा बघून मला राग येतो," त्या जिन्यातून ओरडायच्या. "कुणासाठी एवढं कोरून लावतेस?"

"आहे एक," कुंदाबाई म्हणायच्या.

"आहे तर दिसू दे की! मी म्हातारी मरायच्या आत दिसू दे."

एकदा कुंदाबाईंनी त्यांनाही सोडणं आणि टाकणं समजावून सांगितलं. सायरबाई तूर निवडत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई गं, आधणात डाळ सोडली काय अन् टाकली काय, शिजते सारखीच." कुंदाबाई रागानं दोन दिवस खाली उतरल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सायरबाईंनीच गट्ट्याची भाजी पाठवून तह केला.

पण खरं सांगायचं तर कुंदाबाईंना तो हवा होता. शब्द, गणित, सगळं बाजूला ठेवा. वांगी भाजायला ठेवली की तो हवा असायचा. आग्रा रोडवरून चालताना पुढच्या माणसाची मान तशी दिसली की पाय आपोआप भरभर पडायचे. स्टँडवर 'दोंडाईचा' पाटीची एसटी उभी दिसली की ती सुटेपर्यंत त्या तिथून हलायच्या नाहीत. वर्गात त्या पोरींना स्टेशनांनी सेकंद मोजायला शिकवत, आणि साठ पोरी एका सुरात 'विख...रण, शिंदखे...डा' म्हणाल्या की खिडकीशी जाऊन उभ्या राहत. पोरींना वाटायचं बाई गणित तपासताहेत.

एक गोष्ट त्यांना कायम टोचायची. दोंडाईच्याहून जळगावकडची सगळी स्टेशनं त्यांना येत होती. सुरतेकडची येत नव्हती. तिकडचं कुणी शिकवलंच नव्हतं.

फेब्रुवारीत एके दिवशी शाळा सुटताना फाटकाशी एक माणूस उभा दिसला. डोक्याला रुमाल, पायांत धुळीनं भरलेल्या वहाणा. जवळ आल्यावर ओळख पटली. सुकदेवचा चुलतभाऊ, झिपरू.

"वहिनी," तो म्हणाला, "नाना गयात." नाना म्हणजे कुंदाबाईंचे सासरे. "तेरावाले चाला. मोठी सून तुम्हीच शेतस." मग वहाणांकडे बघत म्हणाला, "सुकदेवभाऊ बी उना शे."

सुकदेव आला होता! कुंदाबाईंनी फाटकाची सळई धरली. सासरे गेल्याचं दुःख व्हायला हवं होतं, आणि छातीत तर ढोल वाजत होता. स्वतःचीच लाज वाटली.

झिपरूनं एसटीत बाकीचं सांगितलं. सुकदेवला सुरतेला कापडगिरणीत चांगली नोकरी आहे. घर आहे. घरात बाई आहे, दोन पोरं आहेत. गावात वडीलधाऱ्यांना ठाऊक होतं, पण सांगायला जीभ उचलली नाही कुणाची. कुंदाबाई खिडकीतून बघत होत्या. दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडलेली, रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या दुष्काळी कामावरच्या बायका. विहिरीवर सुकदेव एकदा म्हणाला होता, आवाज वर यायलाही थोडा वेळ लागतो. आपण ऐकतो तेव्हा दगड कधीच पाण्यात गेलेला असतो. ते त्यांना आठवलं. तरीही, ऐका हं, तरीही त्यांनी गाव येण्याआधी पर्समधून आरसा काढून कुंकू नीट केलं.

तेराव्याचं जेवण उरकलं. सासू गळ्यात पडून रडली, "माय वं, मन्ही पोर" म्हणत राहिली. सुकदेव ओसरीवर बसला होता. केस विरळ झालेले, पोट सुटलेलं, चष्मा लागलेला. बघितल्याबरोबर कुंदाबाईंना कळलं की काही उपयोग नाही. या माणसाला चष्म्यासकट, पोटासकट आपण तेव्हासारखंच भान विसरून बघतोय.

उन्हं कलल्यावर तोच म्हणाला, "विहिरीकडे येतेस? बोलायचं होतं."

विहिरीचा काठ तोच होता. आत मात्र पाणी नव्हतं. दुष्काळात गाळ उपसून, खाली सुरुंग लावून खोल केली होती, तरी झरा लागला नव्हता. दोघं काठावर दोन माणसांचं अंतर ठेवून बसली.

"कुंदा, मला फारकत हवी," सुकदेव म्हणाला. "पंचांसमोर दोघांनी मोकळं व्हायचं. पोरं मोठी व्हायला लागलीत. उद्या सोयरिकीत कुणी विचारलं तर..." तो थांबला. "तुझा काही दोष नाही यात."

"देईन," कुंदाबाई म्हणाल्या. आपण इतक्या लवकर कसं म्हटलं याचं त्यांनाच नवल वाटलं. "पण एक सांगा. खरं सांगा. त्या दिवाळीला तुम्ही मला पहूरला आणलंत, तेव्हा मनात होतं का, की हिला आता टाकायचं?"

त्यांचं सगळं आयुष्य त्या एका उत्तरावर उभं होतं. हो म्हणाला असता तर नदीवरच्या बायका खऱ्या ठरल्या असत्या.

सुकदेव गोंधळला. इतक्या वर्षांनी शिव्या मिळतील असं त्याला वाटलं असेल, हा प्रश्न येईल असं नसेल वाटलं.

"नाही गं," तो म्हणाला. "देवाशपथ नाही. टाकेन कशाला? तुझ्यात खोट काय होती? मी काही ठरवलंच नव्हतं. परीक्षेत नापास झालो. सांगायची लाज वाटली, म्हणून सुरतेला गेलो. पास होऊन मग जाऊ म्हटलं. मग म्हटलं नोकरी पक्की झाली की जाऊ. आज जाऊ, उद्या जाऊ. मग तिकडे घरमालकाची मुलगी... आणि मग यायला तोंड राहिलं नाही. मी काही केलं नाही कुंदा. नुसता आलो नाही."

म्हणजे शून्य. यू बरोबर शून्य. त्या बरोबर होत्या! इतकी वर्षं सगळ्या गावाशी, सायरबाईंशी, साठ-साठ पोरींच्या वर्गाशी भांडून जे म्हणत आल्या ते अक्षरशः खरं होतं. ढकललं नव्हतं. हात उघडला होता फक्त. कुंदाबाईंनी वाट पाहिली, आता आनंद होईल, आता छातीवरचा धोंडा उतरेल. काही झालं नाही. उलट वाटलं, त्यानं रागानं ढकललं असतं तर निदान त्या घडीला त्याच्या मनात आपण असतो तरी.

त्यांनी काठावरचा एक खडा उचलला, हात विहिरीवर धरला आणि मूठ उघडली.

"विख...रण," शेजारून आवाज आला. "शिंदखे...डा."

सुकदेव मोजत होता. त्याच्याही नकळत. तोच सूर, तीच लांबवलेली अक्षरं. विसरला नव्हता मेला, काही म्हणता काही विसरला नव्हता! कुंदाबाईंचा जीव असा काही ओढला गेला, की काठ धरला नसता तर खड्यामागून त्याही गेल्या असत्या.

शिंदखेडा होऊन गेलं. मग खालून आवाज आला. डुबुक नव्हे. खडकावर खडा आपटल्याचा, टक.

"खोल झालीय," सुकदेव म्हणाला.

"हो," कुंदाबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडात धरून ढसाढसा रडल्या. त्यानं हात पुढे केला आणि मागे घेतला. तेवढंच त्याला येत होतं.

दुसऱ्या दिवशी पंचांसमोर फारकत झाली. झिपरू एसटीत बसवून द्यायला आला. सायरबाईंनी दार उघडलं, कुंदाबाईंचं मोकळं कपाळ बघितलं, आणि तशाच चुलीकडे वळल्या. ताट वाढून आणलं आणि कुंदाबाई जेवेपर्यंत शेजारी बसून राहिल्या.

सोमवारी दहावीचा तास होता. कुंदाबाई वर्गात गेल्या, हजेरी घेतली आणि फळ्यावर स्वतःच्या मनचं उदाहरण लिहिलं. विहीर वीस मीटर खोल. एक दगड काठावरून सोडला. दुसरा टाकला, सुरुवातीचा वेग सेकंदाला एक मीटर. तळाशी पोचताना दोघांचा वेग किती?

वर्ग चमकला. बाईंनी स्वतःच्या हातानं 'टाकला' लिहिलं होतं!

"भिकू, फळ्यावर ये. तू विचारलं होतंस ना, फरक किती पडतो? काढ."

भिकू आली. हात झरझर चालू लागला. व्ही वर्ग बरोबर यू वर्ग अधिक दोन जी एस. पहिल्याचा यू वर्ग शून्य. दोन गुणिले नऊ पूर्णांक आठ गुणिले वीस, तीनशे ब्याण्णव. त्याचं वर्गमूळ, एकोणीस पूर्णांक ऐंशी शतांश. दुसऱ्याचा यू वर्ग एक, तीनशे त्र्याण्णव. त्याचं वर्गमूळ काढायला तिला जरा वेळ लागला. तिनं एकदा काढलं, पुसलं, पुन्हा काढलं.

"बाई, चुकलं वाटतं. एकोणीस पूर्णांक ब्याऐंशी शतांश येतंय."

"चुकलं नाही. बरोबर आहे."

भिकू दोन्ही उत्तरांकडे बघत राहिली. मग कमरेवर हात ठेवून बाईंकडे वळली.

"दोन शतांश? बाई, एवढ्यासाठी तुम्ही वर्षभर आमचे मार्क कापत होत्या?"

एरवी वर्ग हसला असता. पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघून कुणी हसलं नाही.

"हो गं," कुंदाबाई म्हणाल्या. "एवढ्यासाठीच. काठावर उभं राहून बघितलं की हा फरक फार मोठा दिसतो. तळाशी पोचल्यावर तो कुणाला ओळखूही येत नाही. सगळं काम ओढच करते. हे मला आधी कळायला हवं होतं."

"मग आमचे कापलेले मार्क परत द्या," भिकू म्हणाली. ती काही सोडणाऱ्यातली नव्हती.

"देते," कुंदाबाई म्हणाल्या. "तुमचे देते." आणि त्या फळा पुसायला वळल्या.